ऊन पाणी : कमी खर्चात आणि बिनधोक

थंडीच्या दिवसांत आंघोळीला ऊन पाणी कोणाला नको असते? पहाटे शेतावर जाणारा गडी असो, शाळेला निघालेले पोर असो, की दम लागणारे म्हातारे माणूस असो. अंगावर दोन तांबे ऊन पाणी पडले की जीव सुखावतो. घरात बाळंतीण असली तर ऊन पाणी ही चैन नव्हे, ती गरजच.

एके काळी न्हाणीघरात ऊन पाणी येणे हा राजाघरचा थाट होता. छत्रपती संभाजीनगरजवळ देवगिरीचा किल्ला आहे. त्यालाच दौलताबाद म्हणतात. तिथे शाही हमाम आहे. हमाम म्हणजे ऊन पाण्याचे स्नानगृह. काही ठिकाणी निसर्गच पाणी तापवून देतो. आपल्या मराठवाड्यातच, नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यात, उनकेश्वर गावी जमिनीतून गरम पाण्याचे झरे येतात. पण आपल्या दारात ना हमाम, ना झरा. आपल्याला पाणी तापवावेच लागते.

आता पाणी तापवायची साधने पुष्कळ झाली आहेत. चूल आहे, बंब आहे, विजेचा रॉड आहे, गिझर आहे, गॅस आहे. आणि डोक्यावर सूर्य तर आहेच. प्रत्येकाने पाणी तापते. पण प्रत्येकाची रीत निराळी आणि धोकाही निराळा. रॉड चालू असताना बादलीत हात घातला की माणूस दगावतो. कोंडलेल्या न्हाणीत गॅसचा गिझर चालू ठेवला की माणूस गुदमरतो. कढत पाण्याच्या बादलीत रांगते लेकरू पडते. हे सारे धोके टळण्यासारखे आहेत. ते कसे टाळायचे आणि पैसा कसा वाचवायचा, ते एकेक करून पाहू.

पाणी किती हवे, किती ऊन हवे?

आधी हिशेब करू. एका माणसाला आंघोळीला एक बादली पाणी लागते. मोठी बादली धरली तर २० लिटर. थंडीत टाकीतले पाणी साधारण २० अंश असते. आंघोळीला ४० अंशांच्या आसपास ऊन झाले की पुरे. आपले अंगच सुमारे ३७ अंश ऊन असते. त्याहून थोडे जास्त, एवढेच.

पुष्कळ घरांत पाणी उकळेपर्यंत तापवतात आणि मग गार पाणी घालून निववतात. यात इंधन फुकट जाते. शिवाय कढत पाणी उचलून नेताना हात-पाय भाजतात. लागेल तेवढेच पाणी घ्यावे, लागेल तेवढेच तापवावे, आणि ज्याला आधी आंघोळ करायची त्याने वेळेवर उठावे! तापवलेले पाणी तासभर तसेच पडले की ते निवते. मग पुन्हा जाळ. पुन्हा खर्च.

आणखी एक सोपी गोष्ट. पाणी तापताना भांड्यावर झाकण ठेवा. उघड्या भांड्यातून वाफेवाटे पुष्कळ ऊब निघून जाते. झाकणाला पैसा पडत नाही, पण इंधन मात्र वाचते.

चूल आणि बंब

तीन दगडांच्या चुलीवर हंडा ठेवला की जाळाची बहुतेक ऊब वाऱ्यावर जाते. हंड्याच्या बुडाला थोडीच लागते. धूर मात्र सगळा बाईच्या डोळ्यांत आणि छातीत जातो. वर्षानुवर्षे धूर घेतल्याने दम्यासारखे छातीचे आजार होतात. लहान मुलांनाही हा धूर बाधतो.

तांब्याचा बंब याहून बरा. त्यात जाळाची नळी मधोमध असते आणि पाणी तिच्या भोवती असते. म्हणून जाळाची ऊब चारी बाजूंनी पाण्याला मिळते. थोड्या काटक्यांत काम होते. पण बंबाचीही रीत आहे. सासू-सुनेचे हे बोलणे ऐका.

"आत्याबाई, बंब पेटवू का? पाणी मागाहून घालते."

"नको ग बाई! आधी पाणी, मग जाळ. कोरडा बंब तापला की त्याचा डाख सुटतो. मग गळायला लागतो."

"अन् लाकडं ओली आहेत जराशी."

"ओली राहू दे बाजूला. उन्हात वाळव. ओलं लाकूड आधी स्वतःचं पाणी वाळवतं, मग आपलं तापवतं. पऱ्हाट्या आण. बारीक मोडून घाल. नळी गच्च भरू नको, वारा खेळू दे."

सासूबाईंचे खरे आहे. जाळाला वारा लागतो. नळी गच्च भरली की जाळ कोंडतो, धूर वाढतो आणि पाणी उशिरा तापते. कपाशीच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या, मक्याची दाणे काढलेली कणसे हे सारे वाळवून ठेवले तर बंबाला चांगले चालते. राख रोज काढावी. रबर, टायर किंवा प्लास्टिक कधीही जाळू नये. त्याचा धूर विषारी असतो.

बंब अंगणात किंवा उघड्या पडवीत ठेवावा. बंद खोलीत ठेवू नये. थंडी वाजते म्हणून निखाऱ्याची शेगडी बंद खोलीत घेऊन झोपणे तर फारच वाईट. का, ते गॅसविषयी सांगताना कळेल.

विजेचा रॉड

रॉड स्वस्त. म्हणून तो घरोघरी गेला आहे. पण सर्वांत जास्त जपायचे तेही यालाच.

आधी खर्च पाहू. १००० वॅटचे साधन एक तास चालले की एक युनिट वीज जळते. रॉड बहुधा १५०० वॅटचा असतो. २० लिटरची बादली २० अंशांवरून ४० अंशांवर न्यायला तो सुमारे २० मिनिटे घेतो. म्हणजे एका बादलीला अर्धे युनिट. घरात पाच माणसे असली तर रोज अडीच युनिटे, महिन्याला ७५ युनिटे. आपल्या वीजबिलावर युनिटाचा दर लिहिलेला असतो. त्याने ७५ ला गुणा. ऊन पाण्याचा खर्च कळेल.

आता जीव सांभाळायची रीत. ही पाठच करा.

१. बादली प्लास्टिकची घ्या. लोखंडाची किंवा पत्र्याची नको. रॉड बिघडला तर धातूच्या बादलीत वीज उतरते.

२. बादलीवर आडवी कोरडी लाकडी काठी ठेवा. तिला रॉड टांगा. रॉड प्लास्टिकला टेकता कामा नये, नाही तर बादली वितळते.

३. रॉडवर खूण असते. पाणी त्या खुणेपर्यंत हवे.

४. रॉड पाण्यात ठेवल्यावरच बटण चालू करा. कोरडा रॉड चालू केला की जळतो.

५. पाणी तापले का, हे पाहायला चालू रॉडच्या पाण्यात बोट घालू नका. आधी बटण बंद करा. मग पिन काढा. मग रॉड काढा. त्यानंतरच हात लावा.

६. पायात कोरडी चप्पल असू द्या. हात कोरडे असू द्या. मुलांना जवळ येऊ देऊ नका.

काही घरांत पिन नसते. उघड्या तारा भोकांत खुपसून काडी ठोकतात. हा मरणाशी खेळ आहे. रॉडला तीन काट्यांची पिन हवी, आणि भिंतीत त्यासाठी जाड तारेचा १६ अँपिअरचा सॉकेट हवा. पिनेचा वरचा जाड काटा अर्थिंगचा. साधन बिघडून वीज बाहेर उतरली तर ती या काट्याच्या वाटेने जमिनीत जाते. अर्थिंगच नसेल तर ती माणसाच्या अंगातून वाट काढते. म्हणून घराला अर्थिंग आहे की नाही, हे जाणत्या वायरमनकडून तपासून घ्या. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात अधूनमधून पाणी घाला. कोरड्या मातीतून वीज नीट जात नाही.

मीटरच्या पेटीत आणखी एक उपकरण बसवता येते. त्याला आरसीसीबी म्हणतात. तारांतली थोडी जरी वीज वाटेत दुसरीकडे गळू लागली, तरी ते क्षणात वीज तोडते. घरासाठी ३० मिलीअँपिअरचे घ्यावे. हा खर्च एकदाच होतो, पण तो जीव वाचवणारा खर्च आहे.

कोणाला शॉक बसला तर त्याला हात लावू नका. आधी मुख्य बटण बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने तार दूर करा. मग १०८ नंबरला फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

गिझर

विजेच्या गिझरची टाकी बंद असते. पाणी तापले की फुगते आणि दाब वाढतो. जास्तीचा दाब निघून जावा म्हणून टाकीला एक झडप असते. तिच्यातून कधी थेंब गळतात. ते गळते म्हणून काही लोक झडप बंद करून टाकतात. असे मुळीच करू नका. दाबाला वाट मिळाली नाही तर टाकी फुटते. झडप सारखीच गळत असेल तर कारागिराला दाखवा.

गिझरचे बटण आंघोळीच्या थोडे आधी चालू करा आणि आंघोळीला बसण्यापूर्वी बंद करा. विकत घेताना त्यावरच्या चांदण्या पाहा. जितक्या जास्त चांदण्या, तितकी वीज कमी.

गॅस : न दिसणारा वैरी

गॅसचा गिझर लगेच पाणी देतो. पण त्याला पोटभर हवा लागते. लहान बंद न्हाणीत तो लावला तर आतली हवा तो खाऊन टाकतो. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो, आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो.

या वायूला रंग नाही, वास नाही. धूर डोळ्यांना झोंबतो, म्हणून माणूस पळतो. हा झोंबत नाही. आधी डोके दुखते. मग चक्कर येते, मळमळते, हातापायांतले बळ जाते. आपल्याला काय होते हे कळेपर्यंत कडी काढायचीही ताकद उरत नाही. निखाऱ्याच्या शेगडीतूनही हाच वायू निघतो. म्हणूनच ती बंद खोलीत नको, असे वर सांगितले.

गॅसचा गिझर न्हाणीच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. आत फक्त पाण्याचा नळ न्यावा. न्हाणीला वर झरोका ठेवावा, आणि तो थंडीतही बुजवू नये. आत कोणी आंघोळ करीत असेल तर घरच्यांनी अधूनमधून हाक मारावी. ओ आली नाही तर दार उघडा, गॅस बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा.

सूर्याचा बंब

आपल्याकडे एक इंधन फुकट मिळते. ते म्हणजे ऊन. थंडीत हवा गार असते, पण आभाळ स्वच्छ असते. या उन्हानेच पाणी तापवता येते. बाळाच्या आंघोळीचे पाणी आपल्या आया-आज्या पितळी घंगाळात उन्हात ठेवत. तीच युक्ती सोलर बंबात आहे. फक्त ती अधिक पक्की केली आहे.

तिचे मर्म तीन गोष्टींत आहे. काळा रंग ऊन शोषून घेतो. काच उन्हाला आत येऊ देते, पण आतली ऊब सहज बाहेर जाऊ देत नाही. आणि तापलेल्या पाण्याच्या टाकीभोवती जाड वेष्टण असते, म्हणून पाणी दुसऱ्या सकाळपर्यंत ऊन राहते. काही सोलर बंबांत काचेच्या दुहेरी नळ्या असतात. दोन काचांमधली हवा काढून घेतलेली असते, थर्मासच्या बाटलीसारखी.

यात पाणी फिरते कसे? संभाजीनगरची पाणचक्की तुम्ही पाहिली असेल. शहरात मातीच्या नळांनी पाणी आणायची विद्या जुनी. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबराने नहर बांधून पाणी खेळवले. पाणचक्कीलाही डोंगराकडचे पाणी अशाच नळांतून आले. ते उंचावरून पडते आणि चक्की फिरवते. तिथे मोटर नाही. उंचावरचे पाणी आपोआप खाली येते, एवढीच गोष्ट. सोलर बंबात याच्या जोडीला दुसरी गोष्ट घडते. ऊन पाणी हलके होते आणि आपोआप वर चढते. गार पाणी जड, ते खाली उतरते. रॉडने तापवलेल्या बादलीत वरचे पाणी कढत आणि बुडाचे गार असते, ते यामुळेच. सोलर बंबाच्या काळ्या भागात पाणी तापते, वरच्या टाकीत चढते, आणि टाकीतले गार पाणी खाली येते. दिवसभर हा फेरा चालतो. इथेही मोटर लागत नाही.

बंब बसवताना या गोष्टी पाहा.

तोंड दक्षिणेला हवे. दक्षिण कशी ओळखावी? डिसेंबरात दुपारी साडेबाराच्या सुमारास अंगणात एक काठी सरळ उभी करा. तिची सावली उत्तरेकडे पडेल. सावलीच्या उलट दिशेला बंबाचे तोंड करा. त्या वेळी सावली जवळजवळ काठीएवढीच लांब दिसेल. म्हणजे सूर्य डोक्यावर नसतो, दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणून बंबही तिरपा हवा. आपल्या भागात तो ३० ते ३५ अंश कलता ठेवला की थंडीतले ऊन चांगले मिळते.

जवळच्या झाडाची किंवा भिंतीची सावली त्यावर पडू नये. गार पाण्याची टाकी बंबाच्या टाकीहून उंच असावी, म्हणजे पाणी उताराने येईल. बंबाच्या टाकीवर वाफेची उघडी नळी असते. ती कधीही बुजवू नये. न्हाणीपर्यंतचा नळ आखूड ठेवावा आणि त्याला वेष्टण घालावे. लांब नळात पाणी निवते. १०० लिटरचा बंब पाण्यासकट दीडशे किलोहून जास्त भरतो. पत्र्याच्या छपरावर तो ठेवू नये. पक्के छत नसेल तर अंगणात मजबूत चौथरा बांधावा. काचेच्या नळ्या भर उन्हात रिकाम्या तापल्या असतील तर त्यांत गार पाणी सोडू नये, त्या तडकतात. पाणी पहाटे किंवा सांजेला भरावे. काचेवरची धूळ पुसत जावी.

एक घोटाळा मात्र टाळा. छतावर वीज करणारे सोलर पॅनेल वेगळे आणि पाणी तापवणारा सोलर बंब वेगळा. घेताना नीट विचारून घ्या.

१०० लिटर पाणी ६० अंश तापले, आणि त्यात तेवढेच २० अंशांचे गार पाणी मिसळले, की २०० लिटर पाणी ४० अंशांचे होते. म्हणजे दहा बादल्या! वाटेत थोडी ऊब गेली तरी पाच-सहा माणसांच्या घराला हे पुष्कळ झाले. हेच १०० लिटर पाणी विजेने तापवायचे तर रोज साडेचार युनिटांहून जास्त वीज लागेल. पावसाळ्यात ढगाळ दिवशी मात्र सोलर बंब कमी पडतो. तेव्हा जोडीला तांब्याचा बंब ठेवावा.

पाण्यातला क्षार

मराठवाड्यात पुष्कळ बोअरचे पाणी जड असते. ते तापले की भांड्याला आणि रॉडला पांढरा थर बसतो. तो क्षार. थर जाड झाला की पाणी तापायला वेळ लागतो, वीज जास्त जाते आणि रॉड जळतो. रॉड पिनेपासून काढून, गार झाल्यावर, त्याचा खालचा भाग लिंबूसताच्या पाण्यात बुडवून ठेवावा आणि मग घासावा. घासताना वायर आणि मूठ भिजू देऊ नये. सोलर बंब घ्यायचा तर आपले पाणी जड आहे हे विकणाऱ्याला आधी सांगावे. बारीक तांब्याच्या नळ्या क्षाराने बुजतात. अशा पाण्याला काचेच्या नळ्यांचा बंब बरा.

भाजले तर

६० अंशांचे पाणी पाच सेकंदांत कातडी भाजते. म्हणून बादलीत आधी गार पाणी घाला, मग ऊन. लेकराला न्हाऊ घालण्याआधी आपले कोपर पाण्यात घालून पाहा. कढत पाण्याजवळ लेकराला एकटे सोडू नका.

तरीही भाजले, तर भाजल्या जागेवर लगेच स्वच्छ गार पाणी वीस मिनिटे सोडा. बर्फ लावू नका. बांगड्या, अंगठ्या सूज येण्याआधी काढा. तेल, हळद, दंतमंजन, शाई काहीही लावू नका. स्वच्छ सुती कापडाने हलके झाका आणि दवाखान्यात न्या. लेकरू भाजले असेल तर उशीर करू नका.

आपल्या घराला काय बरे?

ज्याच्या शेतात पऱ्हाट्या-तुराट्या आहेत त्याला अंगणातला बंब बरा. ज्याला पक्के छत आहे आणि सुरुवातीचा खर्च झेपतो त्याला सोलर बंब बरा. रॉड वापरायचाच तर अर्थिंग करूनच वापरा. गॅसचा गिझर घ्यायचाच तर न्हाणीच्या बाहेरच लावा. साधन कोणतेही घ्या, पण त्याची रीत घरातल्या प्रत्येकाला सांगा. एकट्या कर्त्या माणसाला माहीत असून भागत नाही. रोज पाणी तापवते ती बाई. जवळ खेळते ते लेकरू. त्यांनाही ही रीत ठाऊक हवी.

वाचा आणि आपसांत बोला

१. पाणी तापले का हे पाहण्याआधी रॉडचे काय काय करावे?

२. गॅसचा गिझर न्हाणीच्या बाहेर का लावावा?

३. तुमच्या घरी रोज किती बादल्या ऊन पाणी लागते? ते रॉडने तापवले तर महिन्याला किती युनिटे होतील?

४. तुमच्या घराला अर्थिंग आहे का? नसेल तर ते कधी करणार?